काजळी धरलेला हीटर

डिसेंबरातला शनिवार, दक्षिण जर्मनीतलं श्वेबिश आल्बचं पठार, रात्रीचे पावणेबारा. बाहेर उणे ८ अंश होतं आणि आमच्या व्हॅनमधला हीटर विझला. आधी पंख्याचा आवाज चढला, मग गाडीच्या खालून पांढरा धूर आला, कच्च्या डिझेलचा वास सुटला आणि सगळं गप्प झालं. मी पुन्हा चालू केला. पुन्हा तोच धूर, तोच वास. तिसऱ्यांदा बटणाकडे गेलेला माझा हात नवऱ्याने धरला. "आता नको. आत डिझेल साचलं असेल." सात वर्षांच्या मुलीला दोघांच्या मध्ये घेतलं, मिरजेहून आणलेली आईची गोधडी सगळ्यांच्या वर घातली आणि पहाटे पाचला घरची वाट धरली. तिचे पाय तळव्यापर्यंत गार पडले होते. त्या पायांमुळेच पुढचे तीन आठवडे मी या हीटरच्या मागे लागले.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी ही वस्तू सहसा पाहिलेली नसते. जर्मनीत तिला श्टांडहाइत्सुंग म्हणतात, म्हणजे उभ्या गाडीतलं हीटिंग. इंजिन बंद असतानाही टाकीतलं डिझेल जाळून ती गाडी उबदार ठेवते. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. असे हीटर बनवणारी एबरश्पेशर कंपनी इथून हाकेच्या अंतरावर एस्लिंगेनला आहे, आणि वेबास्टो म्यूनिकजवळ. आमचा हीटर कुणाच्या कारखान्यातला आहे याला महत्त्व नाही, कारण बिघाड त्याच्या घडणीत नव्हता. तो बसवण्यात आणि वापरण्यात होता.

माझे बाबा मिरज आगारात एसटीचे मेकॅनिक होते. घरी पंपाचा पितळी स्टोव्ह होता आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती: वायसरला तेल, नोझलला पिन, महिन्यातून एकदा बर्नर उघडून काजळी काढणं. त्यामुळे हा हीटर मला फार लवकर कळला. तो पत्र्याच्या डब्यात कोंडलेला स्टोव्हच आहे. अंगठ्याएवढा जाड पंप टक टक करत थोडं थोडं डिझेल पुढे ढकलतो. ते बारीक तारांच्या जाळीत मुरतं. जाळीतला ग्लो पिन लाल होतो, डिझेलची वाफ होते आणि ती पेट घेते. स्टोव्हला काकडा लावून आपण बर्नर तापवायचो, तेच काम इथे पिन करतो. बर्नर थंड असताना पंप मारला की रॉकेल पिवळ्या भडक्याने जळायचं. इथे पिन पुरेसा तापला नाही की डिझेल न जळता पांढरा धूर होऊन बाहेर पडतं.

स्टोव्ह आणि हीटर यांच्यात एक फरक आहे, आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. हीटरमधून दोन हवा वाहतात. एक गाडीच्या खालून येते, ज्योतीला मिळते आणि धूर होऊन एक्झॉस्टमधून बाहेर जाते. दुसरी गाडीतली हवा. ती ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून फिरते, तापते आणि परत आपल्याकडे येते. या दोघींची गाठ कधीही पडता कामा नये. मध्ये फक्त ॲल्युमिनियमची भिंत असते आणि जोडावर एक पॅकिंग.

वर्कशॉपमध्ये दाखवला तेव्हा उत्तर आलं, आख्खं युनिट बदला. आकडा चार आकडी होता. त्यांचं त्यांच्या जागी बरोबरही असेल. तासाच्या मजुरीत असा हीटर उघडून साफ करणं परवडत नाही. पण न बघताच टाकून द्यायचा, हे मनाला पटेना. रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, हीटर पेटत नाहीये. पांढरा धूर येतो आणि बंद होतो."

"फोन पंपाजवळ धर बघू."

मी गाडीखाली आडवी झाले आणि नवऱ्याने बटण दाबलं. मिनिटभर नुसता पंखा फिरला, मग टक, टक, टक. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज कोरडा येतोय गं. मधेच भरीव येतो, मधेच पोकळ. एअर घेतलीय त्याने. पण आधी करंट बघ. करंट कमी असला तर बाकी सगळं खोटं बोलतं."

म्हणून सुरुवात मल्टिमीटरपासून केली. बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. हीटरच्या प्लगवर, पिन तापत असताना मोजले, तर १०.७. सुरू होताना पिन ८ ते १० अँपियर ओढतो आणि तेवढ्या वेळातच व्होल्टेज खाली येतं. हीटर बंद ठेवून मोजलं असतं तर दोन्हीकडे सारखाच आकडा दिसला असता. साडेदहाच्या आसपास गेलं की कंट्रोलर, म्हणजे हीटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, स्वतःच हीटर बंद करतो, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो. तारेचा माग काढत गेले तर सीटखालच्या अर्थिंगच्या बोल्टवर हिरवट-पांढरा गंज चढलेला. बोल्ट सोडवला, खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन रिंग दाबून बसवली, वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ११.९. हीटर पेटला, पण धूर गेला नाही आणि दहा मिनिटांत ज्योत मेली. बाबांचं दुसरं निदानही खरं होतं तर.

गाडी आम्ही जुनी घेतली होती आणि पंप आधीच्या मालकाने चॅसीला सरळ आडवा बांधला होता. तो डिझेल बाहेर पडण्याच्या बाजूने वर उचललेला हवा. आमच्या हीटरच्या पुस्तिकेत १५ ते ३५ अंश लिहिलंय. आडव्या पंपात हवेचे बुडबुडे अडकून बसतात. शिवाय डिझेलची कडक प्लास्टिकची नळी जिथे रबरी तुकड्याने जोडली होती, तिथे दोन टोकांत बोटभर फट ठेवलेली. रबराच्या आत नळीची टोकं एकमेकांना टेकलेलीच हवीत. फट राहिली की तिथे बुडबुडा तयार होतो, वाढत जातो आणि मग एकदम पुढे सरकतो. ज्योतीला तेवढे क्षण डिझेल मिळत नाही. मी अर्धपारदर्शक नळीमागे टॉर्च धरला तेव्हा तो बुडबुडा डोळ्यांनी दिसला. हरभऱ्याएवढा. प्रत्येक टकटकीला थरथरायचा आणि तिथेच राहायचा.

पंप तिरका केला. नळीची टोकं नव्या ब्लेडने काटकोनात कापली (पक्कडीने कापली तर तोंड दबतं), रबरात एकमेकांना भिडवली आणि नवे क्लॅम्प लावले. मग हीटरकडची नळी सोडून मोजपात्रात डिझेल धरलं आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहिलं. तीन वेळा. तिन्ही वेळा मर्यादेत आलं.

एवढं केल्यावर हीटर टिकून जळायला लागला, पण पेटायला फार वेळ घ्यायचा, खोकल्यासारखा भकभक करायचा, आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी फडकं धरलं तर त्यावर ओली काळी चिकटी यायची. आता उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

उघडण्याआधी नवीन पॅकिंग आणि नवीन जाळी मागवली. याबद्दल माझं मत ठाम आहे: पॅकिंग हातात आल्याशिवाय पहिला स्क्रूसुद्धा सोडू नये. जुनं पॅकिंग एकदा दबलं की दबलं. ते पुन्हा लावायचा मोह होतो, आणि त्याची किंमत झोपेत मोजावी लागते.

रविवारी सकाळी हीटर सीटखालून काढून बाल्कनीतल्या टेबलावर घेतला. प्लास्टिकचं आवरण निघालं, मग पंखा आणि कंट्रोलर, मग चार स्क्रू, आणि बर्नर ॲल्युमिनियमच्या भांड्यातून बाहेर आला. बाहेर येताना त्याने चुरचुर आवाज केला, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा मोडावा तसा. आत काजळी होती म्हणणं अपुरं आहे. नळीच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीचा, कडक, चमकदार कोळशाचा थर बसला होता. एका बाजूला त्याचा ढेकूळ ज्योतीच्या मार्गातच वाढला होता. ॲल्युमिनियमच्या भांड्यातल्या खाचा तळाशी भुसभुशीत काजळीने बुजल्या होत्या. ऊब येणार कुठून? काजळी उष्णता अडवते. ज्योत आत धडधडत असली तरी पात्या कोमट राहतात आणि उष्णता एक्झॉस्टवाटे निघून जाते.

पिन मळकट होता, पण शाबूत. तो तपासताना एक सांभाळायचं. काही हीटरचे पिन पूर्ण १२ व्होल्टसाठी नसतात; कंट्रोलर त्यांना कमी दाबाने चालवतो. बॅटरीला थेट जोडून बघायला गेलं तर चांगला पिन क्षणात जळून जातो. मी मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स मोजला, पुस्तिकेशी जुळला, तेवढ्यावर थांबले.

मग जाळी. ती करंगळीच्या पेराएवढी, तारेच्या कापडाची गुंडाळी असते आणि पिनच्या घरात बसते. आमची जाळी जाळी राहिलीच नव्हती. तारांमधली सगळी भोकं भरून तिचा काळा खडा झाला होता. चिमट्याने हळूहळू पिळत काढली. जोर केला तर घराच्या भिंतीला ओरखडे पडतात. ती निघाल्यावर आतल्या भिंतीत हवेचं एक बारीक छिद्र असायला हवं होतं. चित्रात होतं. प्रत्यक्षात मला दिसेना. टॉर्च फिरवत राहिले तेव्हा एका जागी काळ्यात किंचित जास्त काळा ठिपका दिसला. तिथे बारीक तार टेकवली आणि फिरवली. आधी काहीच झालं नाही. मग कणीएवढा कोळसा आत पडला आणि छिद्रातून पलीकडचा उजेड आला.

मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. आठवीत असताना स्टोव्हच्या नोझलमध्ये पिन गेली की हाताला जो हलका धक्का जाणवायचा, अगदी तोच. त्या छिद्रातून हवा गेली तरच जाळीतलं डिझेल नीट पेटतं. ते बुजलं, म्हणून पेटायला वेळ. पेटायला वेळ, म्हणून कच्चं डिझेल. कच्चं डिझेल, म्हणून आणखी काजळी.

साफसफाईला चार तास लागले. कडक थर आधी कार्ब्युरेटर क्लीनरने भिजवला, मग लाकडी काडीने आणि पितळी ब्रशने खरवडला. पॅकिंग बसतं त्या ॲल्युमिनियमच्या कडेला लोखंडी काहीही लावलं नाही. तिथला एक ओरखडा म्हणजे धुराला वाट. तिथे फक्त प्लास्टिकची पट्टी आणि फडकं. क्लीनर पूर्ण उडून जाईपर्यंत सगळे भाग रात्रभर उघडे ठेवले. भांड्याची भिंत आतून बाहेरून टॉर्च लावून तपासली. कुठे तडा किंवा खड्डा नव्हता. असता तर मी तिथेच थांबले असते. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की हे भांडं १० वर्षांनी बदलायचंच, आणि तेही अधिकृत माणसाकडून. आमचं सहा वर्षांचं आहे.

जोडताना नवी जाळी अशी बसवली की तिची खाच बरोबर छिद्रासमोर येईल. पॅकिंग नवं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत, पुस्तिकेत दिलेल्या ताणाने आवळले. पंखा हाताने फिरवला; कुठे घासत नव्हता.

पहिली चाचणी गाडीत नव्हे, अंगणात घेतली. एक्झॉस्टचा तुकडा जोडून, बॅटरी शेजारी ठेवून. पंखा, मिनिटभराची शांतता, टक, टक, आणि मग दबक्या भुर्रर्र आवाजाने ज्योत लागली. पांढरा धूर दोन मिनिटं आला, उरलंसुरलं जळालं आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी नुसती थरथरणारी हवा राहिली. बाबा फोनवर होते. "आता एकसारखा वाजतोय," ते म्हणाले आणि आईला बोलवायला गेले.

गाडीत बसवल्यानंतरच्या दोन रात्री मी कुणाला त्यात झोपू दिलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तोच हा वायू. आमच्याकडे ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा, गाड्या आणि बोटींसाठीचा अलार्म आहे. हवेत ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) असेल तर तो तास-दीड तासात वाजतो, ३०० असेल तर तीन मिनिटांच्या आत. म्हणून नुसतं "वाजला नाही" यावर मी समाधान मानत नाही. आकडा दाखवणारा अलार्म घेतला, तो गरम हवेच्या तोंडाशी ठेवला, हीटर पूर्ण आचेवर दोन तास चालवला आणि दारं बंद ठेवून बाहेरून काचेतून आकडा बघत राहिले. शून्य. दुसऱ्या रात्री पुन्हा. शून्य. गाडीखाली जाऊन एक्झॉस्टचा प्रत्येक जोड पाहिला. काळा डाग कुठेही नव्हता. तोंड गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत आलेलं आणि खिडकीपासून, हवा आत घेणाऱ्या नळीपासून दूर आहे, याची खात्री केली.

मग मी मागचं वर्ष आठवत बसले. एवढा कोळसा आला कुठून? उत्तर आमच्या काटकसरीत होतं. रात्रभर आम्ही हीटर सर्वांत मंद आचेवर ठेवायचो. तासाला साधारण १०० मिली डिझेल. पूर्ण आचेवर पाव लिटरच्या थोडं वर. वाटायचं, डिझेल वाचतंय आणि यंत्रालाही आराम आहे. पण मंद आचेवर बर्नर कधी नीट तापतच नाही, जळण अर्धवट होतं आणि अर्धवट जळलेलं तिथेच चिकटतं. त्यात ऑगस्टमध्ये आम्ही ऑस्ट्रियात २,००० मीटरच्या वर सलग पाच रात्री काढल्या. पुस्तिकेनुसार १,५०० मीटरच्या वर जास्त काळ राहायचं असेल तर उंचीसाठीची वेगळी व्यवस्था हवी. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या सह्याद्रीत, माथ्यावरचा थोडा भाग सोडला तर, हा प्रश्न आलाच नसता. आल्प्समध्ये येतो. हवा विरळ, डिझेल तेवढंच, आणि उरलेला कार्बन भिंतीवर.

आता निजण्याआधी २० मिनिटं आणि सकाळी बंद करण्याआधी २० मिनिटं हीटर पूर्ण आचेवर जळतो. खिडकी बोटभर उघडावी लागते, तेवढं चालतं. बटण बंद केल्यावर पंखा तीनेक मिनिटं फिरत राहतो. तो थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही, हे मुलीलाही पाठ आहे. तापलेला बर्नर वाऱ्याशिवाय सोडला की पंखा आणि कंट्रोलर दोन्ही भाजतात. उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा १५ मिनिटं चालवते, नाहीतर पंपात जुनं डिझेल घट्ट होतं.

डिझेलचीही एक गोष्ट इथे राहूनच कळली. जर्मनीत १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंपावर उणे २० अंशांपर्यंत चालणारं हिवाळी डिझेल मिळतं. गाडीत ते भरलं म्हणजे हीटरलाही मिळालं असं नाही. हीटरची नळी वेगळी आणि बारीक. तिच्यात उन्हाळ्याचं डिझेल तसंच बसून राहतं आणि पहिल्या कडक थंडीत त्यातलं मेण गोठतं. म्हणून हिवाळी डिझेल भरलं की त्याच दिवशी हीटर अर्धा तास चालवून नळीतलं डिझेल बदलून घ्यायचं. हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत पोचत नाही, हेही लक्षात ठेवायचं. डिझेल रिझर्व्हजवळ आलं की हीटर आपणहून हवा ओढायला लागतो आणि विझतो, म्हणजे गाडी घरी नेण्यापुरतं डिझेल उरतं. असा विझला तर बिघाड शोधत बसू नये, आधी काटा बघावा.

फेब्रुवारीत आम्ही त्याच पठारावर गेलो. उणे ११ होतं. रात्री अकराला पूर्ण आच, मग मध्यम. पहाटे मला जाग आली ती सवयीने; टकटक एका लयीत चालू होती, अलार्मवर शून्य होतं आणि मुलीने पांघरूण लाथाडून दिलं होतं. उजाडल्यावर एक्झॉस्टच्या तोंडात पांढरं फडकं फिरवलं, फोटो काढला आणि बाबांना पाठवला. राखाडी, कोरडी भुकटी. त्यांचा लगेच फोन आला.

"ओलं नाही ना?"

"नाही बाबा, कोरडं आहे."

"मग आता ऑक्टोबरपर्यंत उघडू नकोस. आणि पॅकिंग आणून ठेवलंस का?"

आणून ठेवलंय. दोन पॅकिंग आणि एक जाळी, सीटखालच्या डब्यात.